मदत हवी आहे: वरकस (भाताला न चालणाऱ्या हलक्या जमिनीच्या) उतारावर कुरण करायचंय, माती निचऱ्याची आहे हे नक्की कसं ठरवायचं?

सड्याकडेचा

राजापूर तालुक्यात सड्याच्या (जांभ्या कातळाच्या पठाराच्या) कडेला साधारण ६० गुंठे वरकस आहे. वरचा भाग जवळजवळ सपाट, बराचसा उघडा कातळ. मधे उतार, तांबडी माती. खाली पऱ्ह्याच्या (लहान ओढ्याच्या) बाजूला काजू. मधल्या उतारावर गुरांसाठी गवत आणि स्टायलो (चाऱ्याचं द्विदल पीक) लावायचा विचार आहे.

तीन ठिकाणी खड्डे मारून पाहिले. वर १५ सेंमीवर कातळ लागला, मधे ४५ सेंमीवर, खाली ९० सेंमीपर्यंत मातीच. एप्रिलमध्ये मधल्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतलं, अर्ध्या तासात गायब. मातीचा अहवाल: सामू (पीएच) ५.४, सेंद्रिय कर्ब १.१ टक्के, स्फुरद (फॉस्फरस) कमी, पोत 'चिकण पोयटा'.

१. एवढ्यावरून निचरा चांगला म्हणायचा का?
२. माती बोटांना वाळूसारखी खरखरीत लागते, मग चिकण पोयटा कसा?
३. चुना टाकावा का?

जांभाचिरा

पहिल्याचं उत्तर: नाही. एप्रिलमधली कोरडीठाक माती पाणी पिते, त्याला निचरा म्हणत नाहीत. त्यात वाळलेल्या मुळांच्या आणि वाळवीच्या नळ्यांतूनही पाणी पळतं. निचरा तपासायचा तर माती आधी तुडुंब ओली हवी.

असं करा. १५ सेंमी रुंद, ४० सेंमी खोल खड्डा घ्या. पहारीने कडा लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात, त्या खिळ्याने खरवडून काढा, नाहीतर आकडा फसवा येतो. तळाला दोन बोटं खडी टाका. आदल्या दिवशी चार-पाच तास खड्डा पुन्हापुन्हा भरत राहा. दुसऱ्या दिवशी २० सेंमी पाणी भरा, खुणा केलेली काठी उभी करा आणि दर अर्ध्या तासाने पातळी टिपा. लागोपाठ दोन नोंदी सारख्या आल्या की तो खरा वेग. तासाला २ ते ७ सेंमी उतरलं तर कुरणाला झकास. १ सेंमीच्या आत असेल तर पावसात पाणी तुंबणार. १५ च्या वर गेलं तर माती पाणी धरतच नाही, खतही खाली वाहून जातं.

सर्वांत चांगली वेळ जुलै. दोन दिवस झड लागून उघडीप मिळाली की लगेच खड्डा पाहा. पाऊस थांबून २४ तास झाले तरी वरच्या ३० सेंमीत पाणी दिसत असेल, तर ती जागा निचऱ्याची नाही, एप्रिलमध्ये काहीही दिसलेलं असो.

रानमाती

यात एक भर. तुमच्या मधल्या पट्ट्यात प्रश्न मातीपेक्षा ४५ सेंमीवरच्या कातळाचा जास्त आहे. पाणी मातीतून झरझर उतरतं, कातळाला टेकतं आणि मग उताराने आडवं चालू लागतं. १०० मिमी पाऊस झाला की एका गुंठ्यावर दहा हजार लिटर पाणी पडतं, आणि कोकणात असे दिवस पावसाळ्यात बरेच येतात. वरच्या सड्याचं पाणीही याच वाटेने येणार. म्हणून खड्ड्याची वरच्या अंगाची भिंत पाहा. कातळाच्या लगेच वर पाझर दिसला तर सड्याच्या कडेला एक चर काढून ते पाणी बाजूच्या वहाळात काढा. चराला शंभरात अर्धा ते एक एवढाच उतार ठेवा, जास्त दिला तर चरच खणत जातो. पातळी पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने धरा, नजरेने नको.

रंगही पाहा. वरपासून खालपर्यंत एकसारखी तांबडी किंवा तांबूस तपकिरी असेल तर मातीत हवा खेळते. पिवळट होत गेली तर ती जास्त काळ ओली राहते. वरच्या ५० सेंमीत मुळांच्या वाटांभोवती राखाडी डाग दिसले तर तिथे पाणी थांबतं. मात्र जांभ्याच्या तुकड्यांतच पिवळे-पांढरे ठिपके असतात, ते जुन्या झिजेचे. डाग मऊ मातीतले मोजा, दगडातले नाही.

सड्याकडेचा

जुलैपर्यंत थांबता आलं नाही तर वरून ओळखायची काही खूण?

रानमाती

गेल्या पावसातलं आठवा. ऑगस्ट-सप्टेंबरात जिथे सीतेची आसवं आणि गेंद फुलतात, तिथे पाणी साचतं. तुमचा १५ सेंमीवर कातळ लागलेला वरचा भाग असाच असणार. जुलैत चिखल, नोव्हेंबरात खडखडीत. लवकर वाळतो म्हणून लोक त्यालाही 'निचऱ्याची' म्हणतात, पण ती फक्त उथळ माती. तिथे स्टायलो कुजेल. त्या फुलांसाठी तरी तो भाग तसाच ठेवा, दुसरीकडची माती आणून टाकू नका. कुसळीचं दाट गवत उभं असेल ती जागा बहुधा बरी.

पोयटा

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. अहवाल बरोबर आणि तुमची बोटंही बरोबर. जांभ्याच्या मातीत चिकण कण लोहाने एकमेकांना घट्ट चिकटून रव्यासारखे दाणे होतात. चिमूटभर ओली माती घेऊन दहा मिनिटं मळा. सुरुवातीला खरखर लागते, मग दाणे फुटून ती हळूहळू चिकट होते. एकच मिनिट मळून बोटांत दाबत पट्टी काढली तर तुम्ही तिला वाळू म्हणणार. बाटलीत पाणी घालून हलवायची चाचणीही इथे फसवते, धुण्याचा सोडा घातला तरी सगळे दाणे सुटत नाहीत.

याचा परिणाम असा, की ही माती पाणी वाळूसारखं सोडते आणि स्फुरद चिकणमातीसारखा जखडून ठेवते. म्हणून सुपर फॉस्फेट एकदम पसरलं तर बरंचसं अडकून पडतं. ५.४ सामूला रॉक फॉस्फेट बरं, आम्लात ते हळूहळू विरघळतं. सुपर द्यायचंच तर ओळीत द्या.

आणि ओल्या मातीत गुरं सोडू नका. खुरांखाली हेच दाणे दबतात, वरचे ५ सेंमी घट्ट होतात आणि पाणी आत न जाता वरून माती घेऊन पळतं. उतारावर नुकसान इथूनच सुरू होतं.

सड्याकडेचा

चुन्याचं राहिलं. शिवाय वरच्या कडेच्या दुसऱ्या नमुन्याचा सामू ६.६ आलाय. एकाच उतारावर एवढा फरक कसा?

पोयटा

तिथे राब (भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा जाळायची जागा) भाजला जायचा का? राखेने सामू चढतो आणि काही वर्षं चढलेला राहतो. नमुना घेताना राबाची जागा, झाडाखाली, शेणाचा ढीग, बांधालगत हे सगळं टाळायचं. इंग्रजी व्ही आकाराचा २० सेंमी खोल खड्डा, कडेची दोन बोटं जाडीची काप, आठ-दहा ठिकाणांहून. एकत्र करून चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाका, अर्धा किलो उरेपर्यंत. सावलीत वाळवा. वरचा, मधला, खालचा असे तीन नमुने वेगळे द्या, एकत्र केले तर सरासरी येते आणि कुठल्याच जागेला लागू पडत नाही.

जांभाचिरा

चुना कुरणभर पसरू नका, खर्चाच्या मानाने हाती काही लागत नाही. स्टायलो आम्ल मातीत तगतो. द्यायचाच तर पेरणीच्या ओळीत गुंठ्याला २ ते ४ किलो, स्फुरदाशी मिसळू नका.

बियाण्याचं कवच कठीण असतं. साधारण ८० अंशांच्या पाण्यात ४-५ मिनिटं बुडवा, लगेच गार पाण्यात काढा, सावलीत सुकवा. गुंठ्याला ६० ते ८० ग्रॅम बी, एक सेंमीपेक्षा खोल नको. पहिल्या वर्षी वाढ मंद असते, शेजारी दीनानाथ गवत दाट पेरलं तर ते झाकून टाकतं. त्यामुळे गवताच्या दोन ओळींमागे स्टायलोची एक. कुसळी फुलोऱ्यावर येताच कापा, कुसळ धरल्यावर गुरांच्या तोंडाला टोचतं. जमिनीपासून ८ ते १० सेंमी खुंट ठेवा.

सड्याकडेचा

राबाचा अंदाज बरोबर निघाला, वरच्या कडेला तीच जागा होती. चराची आखणी मे अखेर करतो, जुलैत पातळीचे आकडे इथेच टाकतो.

रानमाती

आकड्यांसोबत खड्ड्याच्या वरच्या भिंतीचा फोटोही टाका, पाझर किती उंचीवर आहे ते दिसेल असा.