तिसऱ्या महिन्यातील गृहभेट

मूल दीड-दोन वर्षांचे झाल्याशिवाय सेरेब्रल पाल्सीचे (मेंदूला लहानपणीच झालेल्या इजेमुळे हालचालींवर ताबा न राहण्याच्या विकाराचे) निदान होत नाही, असे या चर्चेत एका सदस्यांनी लिहिले आहे. ही समजूत आता मागे पडली आहे. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनुसार पाच-सहा महिन्यांच्या आतच निदान, किंवा किमान ‘मोठी जोखीम’ अशी नोंद, करता येते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे वय मात्र प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजावे लागते, आणि नेमके तेच अनेकदा विसरले जाते.

तीन ते पाच महिन्यांचे निरोगी बाळ जागे आणि शांत असताना उताणे ठेवले, तर मान, धड आणि हातापायांची बारीक, अखंड चुळबुळ दिसते. ती नसणे हा अत्यंत बोलका संकेत असून प्रशिक्षित तज्ज्ञ काही मिनिटांच्या व्हिडिओवरूनही तो ओळखू शकतात. वर्षाच्या आत एकाच हाताचा वापर दिसला, तर ‘डावखुरा होणार’ म्हणून कौतुक करण्याऐवजी तपासणी करावी.

आशाताईंची तिसऱ्या महिन्यातील गृहभेट याच काळात येते. परंतु बीड जिल्ह्यातील ऊसतोड कुटुंबे दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात, आणि बाळ फडावर असताना ही भेट हुकते. अशा बाळाचा व्हिडिओ मोबाइलवर घेऊन जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रातील (मुलांमधील विकासातील अडचणी लवकर ओळखून उपचार करणाऱ्या सरकारी केंद्रातील) तज्ज्ञांना दाखवण्याची सोय करणे मला नव्या यंत्रसामग्रीपेक्षा अधिक निकडीचे वाटते.