विषय: पीककर्जापोटी बँकेने परस्पर वळती केलेली रक्कम

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

माझे वडील रावेर तालुक्यात केळी पिकवतात. त्यांचे पीककर्ज गावच्या शाखेत थकले आहे. त्याच बँकेच्या जळगाव शाखेतील त्यांच्या बचत खात्यात केळीचे पैसे जमा होताच बँकेने ते कर्जखाती वळते केले आणि आईवडिलांच्या संयुक्त खात्यातूनही, जिथे मी अमेरिकेतून घरखर्चाचे पैसे पाठवते, रक्कम उचलली. ठिबकच्या नळ्यांसाठी दिलेला धनादेश न वटता परत आला, तेव्हा घरी हे कळले. संमतीवाचून बँकेला असे करता येते का?

आपली,
रावेरची एक लेक

ताईस सप्रेम नमस्कार.

मी निवृत्तीपूर्वी जळगावात बँकेच्या कर्ज विभागात होतो, म्हणून लिहितो. या दोन वळत्या वेगवेगळ्या तपासायला हव्यात.

खात्यात भरलेला पैसा कायद्याच्या दृष्टीने बँकेने खातेदाराला देणे असलेले ऋण असते. तोच खातेदार त्याच बँकेचे देणे लागत असेल, तर दोन्ही देणी एकमेकांत वजा करण्याचा हक्क बँकेला आहे, मग शाखा वेगळ्या का असेनात. इंग्लंडमध्ये १८७२ साली गार्नेट विरुद्ध मॅक्युअन या खटल्यात आपल्या घरी झाले तसेच झाले होते: एका शाखेतील देणे दुसरीकडील शिलकीतून वसूल झाले, ग्राहकाचे धनादेश परत गेले, आणि पूर्वसूचना नसतानाही निकाल बँकेच्या बाजूने लागला. भारतात त्याच वर्षीच्या करार कायद्याचे कलम १७१ बँकांना धारणाधिकार, म्हणजे देणे फिटेपर्यंत ग्राहकाची मालमत्ता ताब्यात ठेवण्याचा हक्क, देते, आणि १९९२ साली सिंडिकेट बँक विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो मुदत ठेवींबाबतही मान्य केला. त्यामुळे कर्जाची मुदत खरोखर उलटली असेल, तर वडिलांच्या एकट्याच्या खात्यातील रक्कम परत मिळणे कठीण दिसते.

संयुक्त खात्याचे तसे नाही. देणेकरी आणि खातेदार एकच असावा, आणि दोन्हीकडे त्याच नात्याने असावा, ही या हक्काची मूळ अट आहे. येथे कर्ज एकट्या वडिलांचे आहे आणि पैशांवर आईचाही हक्क आहे. आईने कर्जावर सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही केली नसेल आणि खाते उघडताना दोघांनी तशी मुभा लिहून दिली नसेल, तर ही वळती टिकू नये. अशी मुभा छापील अर्जात बारीक अक्षरांत बहुधा असते, आणि खेड्यातील खातेदाराला ती सहीपूर्वी कोणी वाचून दाखवत नाही, हे मला नोकरीत असतानाही अन्यायाचे वाटे. आपण राहतो त्या अमेरिकेत क्रेडिट कार्डाची थकबाकी ग्राहकाच्या ठेवीतून परस्पर वळती करण्यास १९७४ च्या कायद्याने मनाई केली. मग आपल्या शेतकऱ्याला निदान आधी एक पत्र मिळावे, ही मागणी अवाजवी नाही.

वडिलांनी शाखेला लेखी विचारावे की कोणत्या कराराच्या कोणत्या अटीखाली आणि किती थकबाकीपोटी रक्कम उचलली, आणि अर्जाची पोच घ्यावी. ३० दिवसांत समाधानकारक उत्तर न आल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. ठिबकच्या दुकानदाराशी मात्र आजच बोलावे, कारण त्याची लेखी नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे न दिल्यास धनादेशांबाबतच्या परक्राम्य संलेख कायद्याच्या कलम १३८ खाली फौजदारी खटला होऊ शकतो. पुढील महिन्याचे पैसे आपण दुसऱ्या बँकेत, आईच्या एकटीच्या नावे पाठवावेत.

आपला,
चोपड्याचा नाना