मोरड जमिनीतील सोयाबीनच्या मुळांना गाठीच आल्या नाहीत: जिवाणू कमी पडले की स्फुरद (फॉस्फरस)?

डोंगरकूस (सत्तरी):
वाळपईजवळ माझी सुमारे 2000 चौरस मीटर मोरड (उंचावरची, पावसावर पिकणारी) जमीन आहे. तेथे पूर्वी नाचणी होत असे. गेल्या पावसाळ्यात हौसेने सोयाबीन पेरले. उगवण उत्तम झाली, परंतु महिन्याभरात पाने फिकट पिवळी पडली. युरिया टाकल्यावर चार दिवस हिरवी दिसली आणि पुन्हा तीच गत झाली. झाड उपटून पाहिले तर मुळांवर एकही गाठ नव्हती. नवल असे, की त्याच शेताच्या कडेला असलेल्या चवळीच्या मुळांवर गाठींचे घोस लटकत होते. बियाण्याला जिवाणू खताचे पाकीट लावले होते, मात्र ते एप्रिलपासून पत्र्याच्या खोपीत पडून होते, हे कबूल करतो. स्फुरद मुळीच दिले नव्हते. यंदा दोन्ही द्यावीत, की एकाने भागेल?

मिरवेल (फोंडा):
तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर चवळीनेच दिले आहे. चवळीला चालणारे रायझोबियम (मुळांवर गाठी करणारे जिवाणू) आपल्या मातीत पिढ्यान्‌पिढ्या आहेत, पण सोयाबीनला ब्रॅडीरायझोबियम जपोनिकम हा वेगळा जिवाणू लागतो आणि जेथे सोयाबीन कधी पिकलेच नाही तेथे तो सहसा नसतो. म्हणून पाकीट घेताना त्यावर ‘सोयाबीनसाठी’ असे लिहिलेले आहे ना, आणि वापराची मुदत संपलेली नाही ना, हे दोन्ही पाहावे. पाकिटात जिवंत जीव असतात. दोन महिने तापलेल्या पत्र्याखाली राहिल्यावर त्यांतले किती उरले असतील, हे वेगळे सांगायला नको.

उरलेले अर्धे उत्तर स्फुरदात आहे. गाठींत राहून हवेतला नत्र (नायट्रोजन) बांधण्याचे काम जिवाणूला फार ऊर्जेचे पडते, ती ऊर्जा झाड पुरवते आणि त्या सगळ्या व्यवहारात स्फुरद लागतो. स्फुरदाची उपासमार असलेल्या झाडाला गाठी कमी येतात, आल्या तरी बारीक राहतात. आपल्या जांभ्या मातीत लोह आणि ॲल्युमिनियम भरपूर असल्याने टाकलेला स्फुरदही ती धरून ठेवते, आणि माती जितकी आम्ल तितकी ही पकड घट्ट. एकट्या पाकिटाने म्हणूनच भागणार नाही, आणि जिवाणूच नसतील तर एकट्या खतानेही नाही.

हिशेब असा: हेक्टरी 60 किलो स्फुरद धरल्यास तुमच्या क्षेत्राला 12 किलो लागेल, म्हणजे 16 टक्क्यांचे सिंगल सुपर फॉस्फेट 75 किलो, दीड गोणी. त्यातून गंधकही मिळतो, जो तेलबियांना हवाच असतो. हे खत फेकून न देता ओळीत, बियाण्याच्या खाली दोन-तीन बोटे मातीआड द्यावे. मातीशी त्याचा संपर्क जितका कमी, तितका स्फुरद कमी अडकतो. युरियाचा हात मात्र आखडता घ्या. पेरणीच्या वेळी 8-9 किलो पुष्कळ झाला, कारण नत्र आयता मिळाला की झाड गाठी धरण्याच्या भानगडीत पडत नाही.

खाजनकाठ (पेडणे):
वरील उत्तराशी सहमत आहे; बीजप्रक्रियेतल्या चुका मात्र मी स्वतः करून शिकलो, म्हणून लिहितो. तुम्हाला 13 ते 15 किलो बियाणे लागेल. 10 किलोला 250 ग्रॅम या मानाने दोन पाकिटे घ्यावीत. एक लिटर पाण्यात साधारण 125 ग्रॅम गूळ उकळून पूर्णपणे थंड करावा; मी पहिल्या वर्षी कोमट पाकातच जिवाणू कालवले होते. बियाणे गोणपाटावर पसरून त्यावर हे मिश्रण हलक्या हाताने चोळावे. सोयाबीनचे साल इतके नाजूक असते की जोराने घोळल्यास ते सुटते आणि दाणा उगवतच नाही. सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरावे. बुरशीनाशक लावायचे असल्यास ते आधी, जिवाणू सर्वांत शेवटी.

स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंचे पाकीटही दुकानदार पुढे करील. ते लावायला हरकत नाही, पण त्याच्या भरवशावर खताची गोणी वाचवू नये, असे माझे मत आहे.

डोंगरकूस:
दोघांचेही आभार. माती तपासून घेतली आहे, सामू (pH, म्हणजे आम्लतेचे माप) 5.2 आला. घरी शिंपल्यांचा चुना आहे. तो जिवाणूंबरोबर बियाण्यालाच लावला तर चालेल का? शिवाय एका शेजाऱ्याने सुपरऐवजी रॉक फॉस्फेट (स्फुरद असलेल्या खडकाची पूड) सुचवले आहे.

मिरवेल:
बियाण्याला तो चुना अजिबात लावू नका. भाजलेला, विरवलेला चुना दाहक असतो आणि जिवाणू मारतो. चुना जमिनीलाच द्यावा, पेरणीच्या दोन-तीन आठवडे आधी मातीत मिसळून. किती द्यायचा ते विभागीय कृषी कार्यालयाला तपासणीचा अहवाल दाखवून ठरवावे. सामू 6 च्या आसपास आला की लोह-ॲल्युमिनियमची पकड ढिली होते आणि गाठींना लागणारे मॉलिब्डेनमही सहज मिळू लागते.

रॉक फॉस्फेट आम्ल मातीतच विरघळते, म्हणून शेजाऱ्याचे म्हणणे चुकीचे नाही. परंतु ते ओळीत न देता सगळ्या मातीत मिसळावे लागते, त्याचा गुण सावकाश येतो, आणि चुना घालून आम्लता कमी केली की त्याचे विरघळणे मंदावते. तेव्हा चुना घालणार असाल तर सुपरच बरे.

पेरणीनंतर 35-40 दिवसांनी एखादे झाड उपटू नका, कुदळीने मातीसकट उचलून पाण्यात धुवा. उपटताना गाठी मातीतच राहतात, आणि गेल्या वर्षी तुमचेही थोडेफार तसे झाले असावे. गाठ नखाने फोडून आत गुलाबी-तांबूस दिसली तर ती काम करते आहे. पांढरी किंवा हिरवट दिसली तर नाही. तुलनेसाठी दोन ओळी जिवाणू न लावता ठेवा, पण त्या सर्वांआधी पेरा, नाहीतर हाताला चिकटलेले जिवाणू तेथेही पोहोचतील.