परदेशात वाढलेली पोरं एकटी गावाकडं पाठवावीत का?

विश्रामबागचा मामा: भाचा जन्मला सांगलीतच, तीन वर्षांचा असताना न्यूजर्सीला गेला, आता १९ चा. नऊ वर्षांनी आला आणि पहिल्यांदाच एकटा, तीन आठवडे. पूर्वी आईबापासोबत यायचा तेव्हा निम्मे दिवस साडीखरेदी आणि पुण्याच्या पाहुण्यांत, हा कोपऱ्यात मोबाईल घेऊन. यावेळी माझ्या आईनं त्याला रोज दुधाला पिटाळलं, भडंगासाठी लसूण सोलायला बसवलं, मराठी तुटकं का होईना पण सुटलं. गावभागातल्या जुन्या घरात २०१९ च्या पुराची रेघ अजून भिंतीवर आहे, ती बघून म्हणतो माझे फोटो पण बुडाले काय. बुडालेत, बारशाचे सगळे. माझं मत, एकटीच पाठवा.

कराडची सून: कौतुक आहे दादा, पण तो गेल्यावर आईंचं काय झालं तेपण लिहा की. आमच्या सासूबाईंनी नात गेल्यावर तिची चादर महिनाभर धुवू दिली नाही. पोरांची ट्रिप होते, म्हातारीला घोर लागतो.

मिरज जंक्शन: मायेचं राहू द्या, कागदाचं बोला. एच-फोरवरचं, म्हणजे आईबापाच्या नोकरीच्या व्हिसाच्या आधारावर तिकडं राहणारं, पोर इकडं आलं आणि पासपोर्टवरचा व्हिसा संपलेला असला तर नवीन स्टॅम्पिंग, म्हणजे वकिलातीतून पासपोर्टवर नवा व्हिसा, झाल्याशिवाय परत जाता येत नाही, तारीख मिळेल तेव्हा मिळेल. २१ पूर्ण झाली की आईबापाच्या व्हिसावर राहताच येत नाही, आणि ग्रीन कार्डाची आपल्या लोकांची रांग तर माहितीच आहे. याच भीतीनं बहिणीनं पोरीला आमच्या बाबांच्या दहाव्यालासुद्धा आणलं नाही. आता सांगा चूक कुणाची?

खटावकर: आमचा पुतण्या अमेरिकेचा नागरिक झालाय, ओसीआय कार्डावर (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) आला आणि पहिला प्रश्न शेतीचा 😄 म्हटलं बाबा तुला शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसानं आली तर येईल, तोवर थांब, आम्ही जिवंत आहोत.

विश्रामबागचा मामा: @कराडची सून, खरंय, आई चार दिवस धड जेवली नाही, ते लिहायचं मी टाळलं. @मिरज जंक्शन, हापण एच-फोरवरच, मुंबईत बीकेसीतल्या अमेरिकन वकिलातीची तारीख आधी मिळाली तेव्हाच तिकीट काढलं. पण खरा घोळ तिकडं झालाय, मला नऊ वर्षं का आणलं नाही म्हणून तो स्वतःच्या आईशी भांडतोय, आणि ताई मला फोन करून म्हणते तूच काय काय भरवलंस त्याला. तरी माझ्या आईनं त्याला फोन करायला रविवारी सकाळी सहाचा अलार्म लावून घेतलाय, तिकडं तेव्हा शनिवारची संध्याकाळ असते.

कराडची सून: आणि १९ वर्षांचं पोरगं शनिवारी संध्याकाळी घरात असणार होय? अलार्म तुम्हीच बंद करणार बघा.