गैरहजेरी आणि समाधान, पण कुठल्या महिन्यात?

इथल्या चर्चेत कुणीतरी म्हटलंय की गैरहजेरी वाढली म्हणजे लोक नोकरीला कंटाळले, सर्व्हेमधून तेच निघतं. अर्धवट पटलं. कामाच्या ठिकाणच्या वागणुकीचा अभ्यासक गॅरी जॉन्स, त्याचा २००६ चा पेपर बघा, त्याचं म्हणणं असं की संदर्भ बदलला की त्याच वागणुकीचा अर्थ बदलतो, आणि दोन गोष्टींमधलं नातंसुद्धा कमीजास्त होतं, कधी उलटतं. मग एका ठिकाणचं निघालेलं उत्तर सगळीकडे कसं चालेल?

आपल्या नागपूरचंच घ्या. एम्प्रेस मिल १८७७ ला सुरू झाली तेव्हा कामगार नियमित यायचेच नाहीत, आणि मालक जमशेटजी टाटांनी दंड लावत बसण्यापेक्षा १८८६ ला पेन्शन फंड काढला, पुढे प्रॉव्हिडंट फंड आला, बक्षिसं होतीच. मी नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या एका प्लांटमध्ये एचआरला आहे, तिथे लाइनवरच्या बऱ्याच जणांची आसपासच्या गावात थोडीफार शेती आहे, त्यामुळे मे मधली लग्नं आणि मग जूनच्या शेवटी सोयाबीन-कापसाची पेरणी, हजेरी घसरतेच, मॅनेजर कितीही चांगला असू दे. एका कन्सल्टंटनं नेमका तेव्हाच सर्व्हे घेतला, बाहेर ४५ डिग्री, शेडमध्ये कूलर बंद, लोक घाम पुसत फॉर्म भरून राहिले होते, आणि रिपोर्टमध्ये काय तर ‘मोटिव्हेशन लो’! घ्या बाप्पा. त्या रिपोर्टमध्ये महिना, शिफ्ट, शेडचं तापमान, यातलं काहीच नव्हतं. कुणी असा डेटा टाकणार असेल तर निदान एवढ्या गोष्टी सोबत द्या, मग कोरिलेशनवर, म्हणजे गैरहजेरी आणि समाधान यांच्या नात्यावर, बोलू.