ठराव, कलम ४५१ आणि जुनं रजिस्टर
पुणे महापालिकेने नागरिकत्व दुरुस्ती कायद्याविरोधात (सीएए) ठराव करावा का, या चर्चेतलं 'असले कायदे दिल्लीत होतात, नगरसेवकांनी रस्ते-गटारं बघावीत' हे म्हणणं अर्धंच पटलं. २०२० च्या सुरुवातीला नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या इसळक गावाने या कायद्याविरोधात ठराव केलाच ना! पुण्यात मात्र असा ठराव झाला, तरी महापालिका अधिनियमाच्या कलम ४५१ खाली राज्य सरकार तो विखंडित, म्हणजे रद्द, करू शकतं, हे या चर्चेत कुणी लिहिलेलं दिसलं नाही.

पण नागरिकत्वासाठी उद्या जन्माचे कागद मागितले, तर ते महापालिकेकडेच असतात की. त्याच सुमारास वडिलांचा जन्मदाखला काढायला गेलो, तर रजिस्टरात तारीख, आजोबांचं नाव, आणि पुढे नुसतं 'मुलगा'. रांगेत मागे उभ्या आजी विचारत होत्या, "मी तर घरीच जन्मले, माझं काय रे बाळा?"