मदत हवी आहे: २२ महिन्यांचा मुलगा, ऑटिझमचं निदान व्हायच्या आधी थेरपी सुरू करावी का?

मुलगा नावाने हाक मारली तर वळत नाही, पण दुसऱ्या खोलीत फोन वाजला की धावत जातो. बोट दाखवून मागत नाही. माझं मनगट धरून हात कपाटाच्या कडीवर नेऊन ठेवतो. थोडे शब्द आले होते, तेही गेले. मला सगळ्यात जास्त काळजी याचीच आहे.

कानाची बेरा तपासणी झाली, ऐकू नीट येतं. स्क्रीन बंद आहे. एम-चॅट-आर या ऑटिझमची शक्यता पाहणाऱ्या प्रश्नावलीत ६ गुण आले. ३ ते ७ म्हणजे मध्यम शक्यता. ते निदान नव्हे, हे माहीत आहे.

आमचे बालरोगतज्ज्ञ म्हणतात, मुलगे उशिराच बोलतात, तीन वर्षांचा होईपर्यंत थांबा. घरचे म्हणतात, हल्ली ऊठसूट ऑटिझमच सांगतात. अमेरिकेत २००० साली १५० मुलांत एक असलेलं प्रमाण २०२२ मध्ये ३१ मुलांत एक झालं, आणि त्यात वाढलेल्या तपासण्यांचा आणि रुंदावलेल्या व्याख्येचा वाटा मोठा आहे, हे मान्य. पण म्हणून याचे गेलेले शब्द परत येत नाहीत ना!

विकासात्मक बालरोगतज्ज्ञांची वेळ मिळाली आहे, पण काही महिन्यांनंतरची. कृपया लसींचा विषय नको, त्यांचा ऑटिझमशी संबंध अभ्यासांनी खोडून काढलाय.

तोपर्यंत निदानाशिवाय स्पीच आणि ऑक्युपेशनल थेरपी कुणी सुरू केली होती का? त्यामुळे नंतरच्या मूल्यमापनात अडचण आली का? आणि डॉक्टरांना दाखवायला घरी कोणत्या प्रसंगांचे व्हिडिओ काढून ठेवू?